बुवांचा कान आणि माझे सूर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना कपड्यांची ट्रंक आठवेल, पण मी ती नव्हे. मी वाजवायची पेटी. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टीव्हीच्या शेजारी एका पाटावर माझी जागा आहे. अंगावर जुन्या साडीची खोळ आहे. वय पन्नाशीला टेकलं आहे.

तुम्हांला माझी गोष्ट सांगायची आहे, पण आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी फारसं काही करत नाही. करणार तरी काय? कोणी भाता हलवला तर माझ्या पोटात वारा, आणि वारा असेल तरच मला वाचा. एरवी मी नुसतं लाकूड. समोर चुकतंय हे दिसत असतं, कळत असतं, आणि गप्प बसावं लागतं.

माझा जन्म लालबागच्या एका गल्लीत झाला. सागवानाचं अंग, चामडं लावून शिवलेला भाता आणि पोटात पितळेच्या पातळ जिभा. आमच्या धंद्यात या जिभांना सूरच म्हणतात. माझे सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून आले होते. जिभेखालून वारा गेला की ती थरथरते, तोच तिचा आवाज. जीभ कुठे जाड आणि कुठे पातळ, यावर तिचा स्वर ठरतो. स्वर खाली आणायचा असेल तर जिभेच्या मुळाशी पितळ खरवडतात, वर न्यायचा असेल तर टोकाशी खरवडतात. दोन्हीकडून पितळ जातंच. खरवडलेलं पितळ पुन्हा चिकटवता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं दुखणं यातूनच आलं.

मला विकत घेतलं ते दशरथ रेवाळे याने. रत्नागिरीकडचा बावीस वर्षांचा पोरगा. परळला मावशीच्या खोलीत राहायचा आणि गावाकडे भजनात शिकलेली पेटी बोटांनी मांडीवर वाजवत बसायचा. गिरणीतला पहिला बोनस हातात आला आणि त्याने मला उचलून आणलं. मावशी म्हणाली, अरे, निजायला गादी नाही आणि हे काय आणलंस? त्या रात्रीपासून तो सतरंजीवर निजला आणि मला गादीसारखी घडी घातलेल्या चादरीवर ठेवलं. इतका मान मला पुढे कोणी दिला नाही.

मग त्याला भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम लागलं, लग्न झालं, आणि आम्ही इकडे आलो. टेम्पोत सामान भरलं तेव्हा कपाट, पिंप, स्टोव्ह सगळं मागे, आणि मी पुढे त्याच्या मांडीवर. बायको अंबिका मागे पिंपाला धरून उभी. ही गोष्ट ती अजून कधीमधी काढते.

कारखान्यात स्टीलच्या चकतीवर मोठा प्रेस आदळायचा आणि ताट होऊन बाहेर पडायचं. दिवसभर तोच धडधडाट. मालकाने कानात घालायला बोळे दिले होते. बाकीचे घालत. दशरथ ते खिशात ठेवायचा. त्याचं म्हणणं, बोळे घातले तर ताटाचा सूर कसा कळणार? खाली पडणाऱ्या ताटाच्या आवाजावरून तो सांगायचा, हे चांगलं, हे बाजूला काढा, याला कुठेतरी चीर आहे. बघितलं तर केसाएवढी चीर असायचीच. सुपरवायझर पाहुण्यांना आणून त्याची गंमत दाखवायचा. दशरथला त्याचं मोठं भूषण वाटे. घरी येऊन मला सांगताना त्याचा चेहरा फुलायचा. मी ऐकून घेत होते. तेव्हा ते भूषणच होतं, मलाही तसंच वाटलं.

पुढे इंद्रलोकमध्ये आपल्याकडच्या लोकांनी भजनी मंडळ काढलं. दर शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भजन. आमच्या कोकणात भजनात जो पुढे गातो आणि पेटी धरतो, त्याला बुवा म्हणतात. दशरथचा बुवा झाला, आणि तेव्हापासून मीही मनात त्यांना अहो-जाहो करू लागले.

बुवांना संगीत भजनातच लागत असे असं नव्हे. त्यांना ते सगळीकडे सापडे. सोसायटीचा पाण्याचा पंप माझ्या काळी चार पट्टीच्या सुरात घुमतो, हा शोध त्यांचाच. म्हणून सकाळी पंप लागला की ते दाढी करता करता त्याच्या सुरात सूर मिळवत. वॉचमन सांगायचा, "अंकल, पंप बंद हो गया, आप अभी चालू है." पाचव्या मजल्यावरच्या मिक्सरला ते भसाड्या गळ्याचा पण तालाचा पक्का म्हणायचे. गॅसवाला सिलिंडर जिन्यावर आपटत आणतो त्यात त्यांना धुमाळीचा ठेका ऐकू येई. शेअर रिक्षात बसले की तिच्या इंजिनावर एखादा अभंग बसवून बघत आणि शेजारचा प्रवासी अंग चोरून बसे. उत्तनहून बुधवारी मासे घेऊन येणाऱ्या मावशीची हाक तर त्यांना फार आवडे. ते म्हणत, ही बाई तार सप्तकातच जन्मली, खाली उतरायची हिला गरजच नाही.

आणि एक ताट होतं. कारखान्यातल्या पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखालून निघालेलं. ते त्यांनी घरी आणलं होतं. जेवायला बसण्याआधी ते रिकाम्या ताटाच्या काठावर नखाने टिचकी मारत आणि म्हणत, "पंचम." मग अंबिकाबाई भात वाढत. इतर घरांत चित्राहुती घालतात, तशी आमच्याकडे ही टिचकी.

अंबिकाबाईंना गाण्यातलं काही कळत नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बुवा रियाजाला बसले की त्या समोर भाजी निवडत बसत. चाळीस वर्षं त्यांनी भाजी निवडत माझा एकेक स्वर ऐकला, पण कसं झालं म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, बरं आहे, निदान एक तरी माणूस घरात माझ्यासारखं आहे.

मित्रांनो, असे माझे चांगले दिवस गेले. दोन वर्षांपूर्वी बिघडायला सुरुवात झाली.

बुवा कारखान्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. एका सकाळी रियाजाला बसले, गंधारावर बोट ठेवलं आणि थबकले. पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "गंधार चढलाय गं."

माझा गंधार चढला नव्हता. मी जिथे होते तिथेच होते. पण हे सांगायला मला वारा हवा, आणि वारा त्यांच्या हातात. त्यांनी भाता हलवला की मी गंधारच म्हणत होते, आणि त्यांना तो चढा ऐकू येत होता. याहून मी अधिक काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चादरीत बांधलं आणि भाईंदर पश्चिमेला नाथाभाईंकडे नेलं. नाथाभाई पेट्या दुरुस्त करतात. मूळचे पालिताण्याच्या बाजूचे, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर सूरच घडवले. त्यांनी माझं झाकण काढलं, गंधार वाजवला, मोबाईलवर बघितलं. मोबाईलमध्ये एक काटा असतो, स्वर जागेवर असेल तर तो मधोमध उभा राहतो. काटा मधोमध उभा राहिला. नाथाभाईंनी बुवांकडे बघितलं आणि म्हणाले, हे तर बराबर दिसतंय. बुवांनी तो मोबाईल बोटाने बाजूला सरकवला. म्हणाले, यंत्राला काय कळतंय नाथाभाई, कानाने बघा.

आता बुवांच्या कानाची कीर्ती नाथाभाईंनाही ठाऊक होती. चीर ओळखणारा कान तो. त्या कानापुढे आपण खोटे असू, असं त्या भल्या माणसाला वाटलं असावं. त्यांनी पोलादी कानस घेतली आणि माझ्या गंधाराच्या मुळाशी दोन-तीनदा फिरवली. पितळेचा कीस खाली पडला. बुवांनी वाजवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. मोबाईलचा काटा डावीकडे कलला होता. नाथाभाईंनी मोबाईल खिशात घातला.

तीन महिन्यांनी धैवत. मग निषाद. मग पुन्हा गंधार. दर वेळी थोडा कीस. माझे बरोबर सूर एकेक करून उतरत गेले आणि बुवा म्हणत, हं, आता आलं जागेवर.

घरातही तेच चाललं होतं. कुकरची शिट्टी चढलीय म्हणून सूनबाई नीलमने रिंग बदलली. दाराची बेल बेसूर झाली म्हणून नवी बेल आणली. लिफ्टमध्ये जी धून वाजते ती चढली आहे, असं त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवलं, आणि सेक्रेटरीने तो कागद नोटीस बोर्डाशेजारी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. उत्तनच्या मावशीलाही ते म्हणाले, मावशी, आज हाक जरा चढी लागलीय. ती टोपली उचलत म्हणाली, "बुवा, मासं घ्यायचं हाय का मला गाणं शिकवायचं हाय?" सगळे हसले. बुवाही हसले. घरात रिंग बदलली, बेल बदलली, मिक्सरचं भांडं बदललं. बुवांचा कान बघावा असं कोणाच्या मनात आलं नाही. जो कान सगळ्यांना तपासतो त्याला कोण तपासणार?

मंडळात तर त्याहून वाईट. शनिवारी विठू पखवाज घेऊन बसायचा. विठू म्हणजे बुवांचा गाववाला, वीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसणारा. माझ्या उतरलेल्या गंधारावर पहिल्यांदा भजन सुरू झालं तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली, मी बघितली. पण तो काही बोलला नाही. मागच्या लोकांनी दोन ओळी चाचपडत काढल्या आणि मग सगळ्यांनी आपापला गळा माझ्यासारखा वाकवून घेतला. बुवांचा कान कसा चुकेल? आपलाच गळा चुकत असेल. असं करत करत पंधरा माणसं दर शनिवारी मनापासून बेसूर गाऊ लागली. त्यांना त्याची सवयही झाली. मी मध्ये बसून ते ऐकत होते. देवाच्या फोटोकडे तोंड करून मला ठेवत असत, आणि मला देवाची फार लाज वाटे.

मित्रांनो, या माघात इमारतीच्या पूजेला मीरा रोडचं एक महिला मंडळ आलं होतं. मृणालिनीबाई नावाच्या त्यांच्या बुवा. हो, बाई असल्या तरी बुवाच म्हणतात. रीत अशी, की पाहुण्यांनी यजमानांच्या पेटीवर गायचं. बुवांनी स्वतः मला उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. मृणालिनीबाईंनी मला हात जोडले, भाता हलवला, सा धरला, मग गंधार, मग वरचा निषाद. त्यांचा हात थांबला. पुन्हा एकदा त्यांनी हळूच सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग भाता मिटला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बुवा, थंडीने पेटी उतरलेली दिसते. आम्ही आज टाळांवरच म्हणतो."

त्या टाळांवर गायल्या, आणि सुंदर गायल्या. त्या हॉलमध्ये दोन वर्षांनी खरा गंधार लागला. मी भिंतीला सरकवलेली होते. यजमानांची पेटी पाहुण्यांनी बाजूला ठेवली, हे सगळ्यांनी बघितलं. विठू जमिनीकडे बघत होता. बुवांचे कान लाल झाले होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, मुळातच कुठेतरी घोटाळा आहे, सा-च हलला असणार. उद्या सकाळी नाथाभाईंकडून सा उतरवून आणतो.

सा. मित्रांनो, बाकीचे सगळे सूर सा-वरून मोजतात. नाथाभाईंनी आजवर माझ्या सा-ला हात लावला नव्हता. आणि माझा सा जुन्या पितळेचा, आधीच पातळ, हजारो शनिवार थरथरलेला. त्याच्या मुळाशी कानस फिरली तर तो तुटेल, नाही तुटला तर माझ्यात एकही खरा स्वर उरणार नाही. मग मी कपड्यांचीच पेटी. हे मला कळत होतं, आणि मी चादरीत बांधलेली दाराशी पडून होते.

सकाळी रिक्षा बोलवायच्या आधी अंबिकाबाईंनी बुवांना जबरदस्तीने पोहे खायला बसवलं. रात्री उपाशी निजलात, आता तरी खा. समोर ते ताट ठेवलं. सवयीने बुवांनी टिचकी मारली. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हेही चढलंय," ते म्हणाले.

अंबिकाबाईंच्या हातात पोह्यांचा डाव होता. त्यांनी तो परत कढईत ठेवला.

"काय म्हणालात?"

"ताट. पंचमाच्या वर गेलंय. वापरून वापरून झालं असेल."

"अहो, पेटी बिघडते, मान्य. बेल बिघडते, कुकर बिघडतो, माणसं बिघडतात. स्टीलचं ताट कसं बिघडेल?"

बुवांनी ताट जवळ ओढलं. पुन्हा टिचकी मारली. मग ताटाची बाजू बदलून मारली. नीलम आतून बघायला आली आणि दारातच उभी राहिली. बुवा म्हणाले, उशीर होतोय, नाथाभाईंचं दुकान उघडलं असेल. पोहे तसेच राहिले. त्यांनी मला उचललं. अंबिकाबाईंनी पायांत चपला घातल्या.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. चाळीस वर्षांत एकदा तरी पेटीबरोबर पुढे बसते."

रिक्षात मी दोघांच्या मध्ये होते. रिक्षाच्या इंजिनावर बुवांनी काही बसवून बघितलं नाही.

दुकानात नाथाभाईंनी माझं झाकण काढलं. बुवांनी सांगितलं, आज सा उतरवायचा. नाथाभाई म्हणाले, बुवा, सा-ला हात नको. बुवा म्हणाले, मी सांगतोय ना. नाथाभाईंनी कानस उचलली. ती माझ्या सा-च्या मुळावर टेकली. पितळेला तिचा गारवा लागला. मी ओरडले असते, मित्रांनो, पण भाता मिटलेला होता.

"नाथाभाई," अंबिकाबाई म्हणाल्या, "एक विचारू का? यांनी पहिल्यांदा पेटी आणली होती, तेव्हा ती खरंच बिघडली होती का?"

कानस थांबली. नाथाभाईंनी बुवांकडे बघितलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे.

"नाही, बेन."

"मग खरवडलीत कशाला?"

"बुवा बोलले म्हणून. बुवांचा कान, बेन. मी कोण?" त्यांनी कानस खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले. "दोन वर्षांपासून मला झोप नाही. चांगल्या सुराला कानस लावणं म्हणजे पाप आहे. बापाने शिकवलं होतं."

बुवा स्टुलावर बसले. मग एकदम अंबिकाबाईंना म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं? त्यांना तसं बोलायचं नसावं, पण तोंडातून गेलं.

अंबिकाबाईंचा आवाज चढला नाही. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. पेटी इथून घरी आली, तुम्ही वाजवलीत, आणि माझ्या हातातली मेथीची जुडी राहिली तशीच. वाटलं, आता म्हणाल, नाथाभाईंनी बिघडवली. तुम्ही तर खुश."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कधी कोणी विचारलं?"

मी लाकूड आहे, माझं सोडा. पण त्या बाईला तोंड होतं, आणि ती दोन वर्षं माझ्याएवढीच मुकी होती. विठूला तोंड होतं. नाथाभाईंना तोंड होतं आणि वर मोबाईलचा काटा होता. पंधरा माणसांना पंधरा तोंडं होती. सगळ्यांनी बुवांना इतका मान दिला, की एकटं सोडलं.

पुढचं मी घरात ऐकलं तेवढं सांगते. नीलमने मीरा रोडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून एकच स्वर आधी उजव्या कानात ऐकवला, मग डाव्या. बुवा म्हणाले, हे दोन वेगळे स्वर आहेत. डॉक्टर म्हणाले, एकच आहे, आजोबा. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकून डावा कान थकलाय, आणि वरचे स्वर तो चढे ऐकतोय. उजवाही त्याच वाटेने निघालाय, फक्त मागे आहे. कानाला यंत्र लावलं तर आवाज मोठा येईल. सूर जागेवर येईलच असं नाही.

घरी आल्यावर बुवांनी डाव्या कानात कापसाचा बोळा घातला. कारखान्यात जो कधी घातला नाही तो. मग माझ्यापुढे बसले आणि सा पासून सा पर्यंत एकेक स्वर सावकाश वाजवला. गंधारावर थांबले. धैवतावर थांबले. निषादावर तर त्यांनी डोळेच मिटले. उजव्या कानाने त्यांना पहिल्यांदा कळलं, की माझं काय केलं आहे. भाता मिटून त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर होतीस."

मला खूप काही म्हणायचं होतं. पण भाता मिटून ते बोलले होते.

नाथाभाईंनी मग माझे तीन सूर मोबाईलचा काटा बघून दुरुस्त केले. या वेळी टोकाकडून खरवडावं लागलं, म्हणजे आणखी पितळ गेलं. निषाद त्यात तुटलाच. त्याच्या जागी नवा बसवला आहे. तो चकचकीत आहे, आवाजही छान आहे, पण माझ्यात तो अजून पाहुण्यासारखा बोलतो. गंधार पातळ झाला आहे, जोरात भाता मारला की कण्हतो. किती वर्षं टिकेल ते नाथाभाईंनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

पुढच्या शनिवारी बुवांनी भजनाआधी मंडळाला सगळं सांगितलं. म्हणाले, दोन वर्षं मी तुम्हांला बेसूर गायला लावलं. एकाने तरी बोलायचं होतं रे. विठू पखवाजाची गादी नीट करत म्हणाला, "बुवा, आम्हांला वाटलं, तुम्ही काहीतरी नवीन बसवताय." हॉलमध्ये हशा झाला. बुवाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी भजन उशिरा सुरू झालं.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. तुमच्या घरी एखादी जुनी पेटी असेल तर तिला ओलीत ठेवू नका, झाकणावर पाण्याचा पेला ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी भाता हलवा. पोटात कापूर ठेवलात तर झुरळं चामडं खाणार नाहीत. एवढं केलंत तर ती तुम्हांला म्हातारपणापर्यंत साथ देईल. पण त्याहून मोठं मागणं माणसांसाठी आहे. घरातल्या आजोबांना सगळं जग बेसूर वाटू लागलं तर हसू नका. त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. त्यांचा मान राखायचा म्हणून खोटं 'हो' म्हणू नका, त्याने चांगले सूर खरवडले जातात. आणि घरात जे माणूस काही बोलत नाही, त्याला आपण होऊन विचारा. त्याला पुष्कळ ऐकू आलेलं असतं.

बुवा अजून रोज संध्याकाळी रियाजाला बसतात. यंत्र लावतात, कधी काढून ठेवतात. कापूस कधी या कानात, कधी त्या. पूर्वी त्यांनी जन्मात कोणाला विचारलं नव्हतं, आता एकेका स्वरावर थांबून विचारतात. आत्ताही मला सा-वर धरून, स्वतः सा लावून, ते समोर वालाच्या शेंगा सोलणाऱ्या अंबिकाबाईंकडे बघताहेत.

"लागला का गं?"

अंबिकाबाई शेंग मोडतात. वर न बघता म्हणतात, "नाही. थोडे चढलात."

बुवा मान हलवतात. आवाज जरासा खाली घेतात, चुकून जास्तच खाली जातात, पुन्हा वर येतात. बाई अजून हं म्हणत नाहीत. बुवांनी माझ्या पट्टीवरचं बोट उचललेलं नाही. मी सा धरून आहे. भात्यात वारा आहे तोवर धरून ठेवीन. तेवढ्या वेळात त्यांना तो सापडायला हवा.